ऑप्शनल इंग्लिश झालं, आता पुढं काय?

प्रश्न : ताई, मी उदगीरची. यंदा बी.ए. झाले, ऑप्शनल इंग्लिश घेऊन, ६२ टक्के पडले. आमच्या घरात सगळे लातूर पॅटर्नवाले. काकांचा मुलगा एमबीबीएसला, आत्याची मुलगी पुण्यात आयटीत. मला बारावी सायन्सला कमी पडले म्हणून आर्ट्सला आले आणि आवडतं म्हणून इंग्रजी घेतलं. आता जो तो विचारतो, "इंग्रजी घेऊन काय होणार? मास्तरीणच ना?" सर म्हणतात एम.ए. कर. आई म्हणते बी.एड. कर, बाईमाणसाला बरं असतं. पुण्यातल्या एका क्लासवाल्यांनी कंटेंट रायटिंगचा चार महिन्यांचा कोर्स सांगितलाय, फी ४५ हजार, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. पप्पा म्हणतात एक वर्ष देतो, तोवर काहीतरी ठरव, नाहीतर स्थळं बघायला लागू. आणि खरं सांगू का ताई, इंग्रजीची पदवीधर असून मला इंग्रजीत चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. कुणी इंग्रजीतून फोन केला की घाम फुटतो. मी काय करू?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : तुझ्या पत्रातली शेवटची गोष्ट आधी घेते, कारण बाकीचे सगळे प्रश्न तिथंच अडलेत.

बोलता येत नाही, हे सांगणारी तू पहिली नाहीस. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत इंग्रजीवाल्यांची हीच तक्रार सगळ्यात जास्त असते, आणि ती छोट्या गावांतून जास्त येते. कारण उघड आहे. तीन वर्षं वर्गात कविता मराठीतून समजावली गेली, परीक्षेच्या आधी गाईड आणि सीनियरच्या नोट्स पाठ झाल्या, शेक्सपिअरच्या नाटकाची 'थीम' पंधरा ओळींत लिहिली आणि मार्क पडले. या सगळ्यात तुझ्या तोंडातून स्वतःची म्हणून किती इंग्रजी वाक्यं निघाली असतील? मग ती अचानक फोनवर कुठून येणार? वाचायला आणि लिहायला तुला येतं, बोलायचा सराव झाला नाही, इतकंच. सरावानं हे सुधारतं आणि त्याला पुण्याला जावं लागत नाही. रोज आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र ऐक, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू कर आणि त्यातली एक बातमी आपल्या शब्दांत दोन मिनिटं सांग. नंतर स्वतःच ऐक. पहिले काही दिवस ऐकवणार नाही, चालेल. आणि ॲक्सेंटच्या नादी लागू नकोस. मराठी वळणाचं, पण सरळ आणि पूर्ण वाक्यांचं इंग्रजी ऐकून कुणी नोकरी नाकारत नाही. अर्धवट सोडलेली वाक्यं मात्र खटकतात.

आता पदवीबद्दल. इंजिनिअर किंवा नर्स यांच्या हातात पदवीबरोबर धंदा येतो. बी.ए. इंग्रजीच्या हातात पात्रता येते, धंदा आपण जोडायचा असतो. नुसतं इंग्रजी विकायला गेलीस तर पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटमधली मुलं तुझ्यापुढं असणार, हे कटू असलं तरी खरं आहे. पण त्यांच्यातल्या किती जणांना तलाठ्याच्या हस्ताक्षरातला फेरफार वाचता येईल? पंचनाम्यातली भाषा कळेल? तुझ्याकडं मराठी आहे, कागदपत्रांची, शेताची, बाजार समितीची मराठी आहे. इंग्रजीला ती जोडलीस तर तुझी स्पर्धा एकदम कमी होते. मी पुढं जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी सरांचा सल्ला. एम.ए. वाईट नाही, पण पुढं काय ते सुचत नाही म्हणून एम.ए. करणारी मुलं मी फार बघितली. दोन वर्षं जातात आणि हाच प्रश्न दोन वर्षांनी मोठा होऊन समोर उभा राहतो. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के हवेत, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास हवी. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट-सेट पुरते. पण नेट वर्षातून दोनदा होते आणि दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात. सेट पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. हे सगळं पार केलं तरी कायमच्या जागा निघेपर्यंत अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्व येतं : जितके तास शिकवले तितके पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनला पुन्हा मुलाखत. तुझ्याच कॉलेजात असे सर-मॅडम असतील. त्यांना एकदा चहाला गाठ आणि मोकळेपणानं विचार, किती वर्षं झाली आणि घर कशावर चालतं.

तरीही साहित्यात जीव रमत असेल, तर एम.ए. कर, पण त्याच इमारतीत तेच गाईड घेऊन नको. तुझ्या गावाहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ आहे. तिथं इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे, सगळे ईफ्लू म्हणतात. १९५८ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना घडवणारी संस्था म्हणून ते सुरू झालं, २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं. इंग्रजी शिकवायचं कसं, यावर तिथं जेवढं काम होतं तेवढं देशात क्वचितच कुठं होत असेल. प्रवेश परीक्षा असते. आपल्याकडं शिक्षण म्हटलं की बस पुण्याचीच धरायची, अशी सवय लागलीय, म्हणून मुद्दाम सांगते.

आईचं बी.एड. याहून जमिनीवरचं आहे. पण 'बाईमाणसाला बरं असतं' एवढ्यावर ते करू नकोस. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे, म्हणजे पप्पांच्या एका वर्षात ते बसत नाही, हे त्यांना आधीच सांगावं लागेल. राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जायचं तर तिच्याबरोबरची इंग्रजीची वेगळी चाचणी, ईएलसीटी, तीही द्यायची. तू ती दे. पुढं पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते, आणि १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही ती सक्तीची केली, म्हणजे यातून सुटका नाही. सहावी ते आठवीच्या पेपर दोनमध्ये एक मेख आहे. दीडशेपैकी साठ गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांना आहेत. इंग्रजीच्या मुली भाषेच्या जोरावर जातात आणि इतिहास-भूगोलाच्या साठ गुणांत आपटतात. खुल्या प्रवर्गाला ९० लागतात. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या भरतीला वर टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. टेट २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली, मग २०२५ ला. या तारखांवर आयुष्य टांगून ठेवणाऱ्यांचे हाल मी वेगळे सांगायला नकोत. खासगी इंग्रजी शाळेत मात्र इंग्रजीची चांगली शिक्षिका वर्षभर हवी असते. पगार कमी असतो, कधी सहीचा वेगळा आणि हातातला वेगळा. शिकवणं मनापासून आवडत असेल तरच या वाटेनं जा. आवडतं की नाही हे कळायला बी.एड. लागत नाही. गल्लीतल्या आठवी-नववीच्या पाच पोरांना तीन महिने इंग्रजी शिकव, लगेच कळेल.

बँक, एमपीएससी, यूपीएससी यांवर जास्त लिहीत नाही. कुठल्याही पदवीला त्या खुल्या आहेत, उदगीर-लातुरात त्याचे क्लास पावलापावलावर आहेत आणि तुला कुणीतरी सांगितलं असेलच. एवढंच म्हणेन, की बँकेच्या पीओ, म्हणजे अधिकारी पदाच्या परीक्षेत बाकीच्यांना घाबरवणारा भाग म्हणजे इंग्रजी आणि त्यातला लेखनाचा भाग. तुझं गणित बरं असेल तर हा विचार गंभीरपणे कर. बारावी सायन्स केलंयस, तेव्हा अगदीच कच्चं नसणार.

आता अशी एक वाट, जी तुला कुणीच सांगितली नसेल : इंग्रजी लघुलेखन, म्हणजे बोललेलं खुणांच्या लिपीत झटपट उतरवून घेणं, आपण स्टेनो म्हणतो ते. लोकांना वाटतं हे आजोबांच्या काळातलं. पण घटनेच्या कलम ३४८ नुसार उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, न्यायाधीश निकाल तोंडी सांगतात आणि तो कुणीतरी उतरवून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाचं एक खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तुमच्या मराठवाड्यातच आहे. केंद्र सरकारच्या खात्यांसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशनची स्टेनोग्राफर परीक्षा असते, क आणि ड अशा दोन श्रेणींची. क श्रेणीला मिनिटाला शंभर शब्द, ड श्रेणीला ऐंशी. डिक्टेशन दहा मिनिटांचं, म्हणजे क श्रेणीला हजार शब्द कानावरून कागदावर, आणि मग इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्यांना ते संगणकावर टाइप करून द्यायला चाळीस मिनिटं. पात्रता बारावी आहे, पण वयाची अट आहे, ड श्रेणीला २७ आणि क श्रेणीला ३०, म्हणून हे आत्ता करायचं काम.

इंग्रजीवाल्यांना इथं खरा फायदा कसा होतो बघ. लघुलेखनाच्या पिटमन पद्धतीत व्यंजनांच्या रेघा काढतात, एक जाड, एक बारीक, आणि स्वर ठिपक्यांनी आणि छोट्या खुणांनी दाखवतात. वेग वाढला की हे ठिपके-खुणा द्यायला वेळ नसतो, नुसत्या रेघा उरतात. मग टाइप करताना त्या रेघांतून नेमका शब्द कोणता, हे वाक्याच्या अर्थावरून आणि व्याकरणावरून ओळखायचं. ज्याचं वाचन नाही तो तिथं अडकतो. तू तीन वर्षं लांबलचक इंग्रजी वाक्यं वाचलीयस, तुझी नजर ते वाक्य आपोआप पुरं करते. टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र जोडीला लागेल, त्याची परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. वेग यायला वर्ष-दीड वर्ष रोजचे दोन-तीन तास द्यावे लागतात, आणि मधले काही महिने साठच्या वेगावर गाडी अडून बसते. तेव्हाच बरेच जण सोडतात. न सोडणारे थोडे, म्हणून जागा मिळायची शक्यता बरी.

कोर्टाचं निघालंच आहे तर अनुवादाकडं वळू. खालच्या कोर्टात जबाब, पंचनामे, खरेदीखतं सगळं मराठीत असतं. तोच खटला अपिलात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, की त्यातला मराठी कागद इंग्रजीत करून जोडावा लागतो. हे काम वकिलांकडून खासगीत बाहेर जातं आणि ते नीट करणारी माणसं कमी आहेत, कारण त्यासाठी 'उक्त', 'वहिवाट', 'बोजा', 'इतर हक्क' हे सगळं आधी मराठीत कळावं लागतं. वर सांगितलं ते तुझं भांडवल इथं उपयोगी पडतं. सुरुवात कशी करायची? लातूरच्या किंवा संभाजीनगरच्या एखाद्या वकिलाकडं जा, नावं झाकलेला एखादा जुना जबाब मागून घे, त्याचा अनुवाद करून दाखव. अनुवादाचे पैसे शब्दांवर मोजतात. समज शब्दाला एक रुपया मिळाला आणि दिवसाला दीड हजार शब्द नीट झाले, तर दीड हजार रुपये झाले. पण असं काम महिन्याचे तीसही दिवस मिळत नाही, हेही धरून चाल. जाहिराती, ॲप, वेबसाइट यांचा अनुवाद मात्र आता आधी मशीन करतं आणि माणसाला ते तपासायला देतात, तेही कमी दरात. म्हणून नवीन माणसानं तिथं जाऊ नये असं माझं मत आहे. कायद्याच्या कागदात एक शब्द चुकला तर जमीन जाते, त्यामुळं तिथं माणूस लागतोच.

यातच कायम नोकरी हवी असेल तर केंद्र सरकारचे कनिष्ठ अनुवाद अधिकारी असतात, सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४००. ते पद हिंदी-इंग्रजीचं आहे. इंग्रजीत एम.ए. आणि पदवीला हिंदी हा विषय किंवा माध्यम असेल तरी चालतं, सोबत अनुवादाचा डिप्लोमा-सर्टिफिकेट किंवा दोन वर्षांचा अनुभव लागतो. या एका कारणासाठी मात्र मी तुला एम.ए. कर म्हणेन. तीन वर्षांचा एल.एल.बी. हाही पर्याय आहे, ६२ टक्क्यांवर सीईटी देता येते. मी त्यावर जास्त भर देत नाही, कारण वकिलीची पहिली वर्षं घरच्या आधारावर काढावी लागतात.

आता तो ४५ हजारांचा कोर्स. नको घेऊस. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्यांना दोनच गोष्टी विचार : मागच्या तीन बॅचमधल्या कुठल्याही तीन मुलींशी फोनवर बोलायला मिळेल का, आणि प्लेसमेंट म्हणजे पगारी नोकरी की बिनपगारी इंटर्नशिप. उत्तर फिरवून मिळालं की फोन ठेव. दुसरं म्हणजे, त्या कोर्सात शिकवतात तसले 'पावसाळ्यात त्वचेची काळजी' छाप पाचशे शब्दांचे लेख लिहून घेणाऱ्या कंपन्या आता ते काम एआयकडून करून घेतात. त्या कामाचा भाव पडला आहे आणि तो परत येईल असं मला वाटत नाही.

लिहिण्याचीच नोकरी हवी असेल तर टेक्निकल रायटिंगकडं बघ. सॉफ्टवेअर किंवा यंत्र वापरायचं कसं, हे पायरी पायरीनं लिहून देणारी माणसं. पुणे, हैदराबाद, बंगळुरू इथं ही नोकरी आहे. त्यात इंग्रजी अलंकारिक नको असतं, वापरणारा कुठं अडेल ते ओळखायची नजर हवी असते. एआय इथंही शिरलंय, पण खरी गोष्ट करून बघून, अडून, मग लिहिणं त्याला जमत नाही. पदवीपेक्षा लिहिलेले नमुने बघतात, तेव्हा एक नमुना घरबसल्या कर. महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवरून डिजिटल सहीचा सातबारा काढ. आणि समजा, बंगळुरूत वाढलेल्या, मराठी न वाचता येणाऱ्या एका माणसाच्या नावावर उदगीरजवळ शेत आहे, तर त्याला तो कसा काढायचा हे इंग्रजीत एका पानात लिही. ओटीपी येतो तिथून सुरू कर. खात्यात आधी पैसे भरावे लागतात हे त्याला माहीत नसणार, एका उताऱ्याला १५ रुपये जातात. जिल्हा, तालुका, गाव निवडल्यावर गट नंबर विचारतात, त्याच्या हातातल्या कागदावर तो कुठं लिहिलेला असतो? उतारा हातात आल्यावर 'इतर हक्क' या रकान्यात काही दिसलं तर काय समजायचं? लिहून झालं की आत्याच्या मुलीला ते पान दे आणि काही न सांगता त्यावरून सातबारा काढायला लाव. जिथं ती तुला फोन करेल, तिथं तुझं लिखाण चुकलंय. तेवढं दुरुस्त कर. असे तीन-चार नमुने झाले की अर्ज करायला तुझ्याकडं पदवीपलीकडचं काहीतरी असेल.

सबटायटलिंगचं नाव तू कुठं ना कुठं ऐकलं असशील. मुंबईत ते काम आहे, मराठी मालिका-सिनेमांची इंग्रजी सबटायटल्स लागतातच. ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, पडद्यावर सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, असे नेटफ्लिक्सचे नियम असतात. मजेचं काम आहे, पण सलग मिळत नाही. जोडधंदा म्हणून ठीक.

आणि ज्याला सगळे नाक मुरडतात ते कॉल सेंटर? तुझ्यासाठी मी ते नाकारणार नाही. पगार घेऊन रोज आठ तास इंग्रजी बोलायला लावणारी दुसरी जागा मला माहीत नाही. वर्षभर करायचं, तोंड सुटलं की निघायचं. रात्रपाळी असेल तर कंपनीची गाडी दारापर्यंत आणून सोडते का, ते ऑफर लेटर घेण्याआधी विचार. पप्पा उदगीरहून पाठवतील का, हा प्रश्न आहेच. आत्याची मुलगी पुण्यात आहे तर निदान बोलून बघ.

तर पप्पांच्या वर्षाचं काय? त्यांच्यापुढं 'मी विचार करतेय' असं जाऊ नकोस, तारखा घेऊन जा. तुझ्या जागी मी असते तर स्टेनो आणि टायपिंगचा क्लास याच महिन्यात लावला असता, कारण तो उदगीर-लातुरातच होईल आणि ४५ हजारांच्या मानानं किरकोळ खर्चात होईल. सकाळी स्टेनो, दुपारी रेकॉर्डिंग आणि सातबाऱ्याचा नमुना, आठवड्यातून एकदा वकिलाकडचा एखादा कागद. बी.एड. आणि एल.एल.बी. सीईटीचे अर्ज निघाले की दोन्ही भर, फी भरून दार उघडं ठेवायला हरकत नाही. आठ महिन्यांनी वेग साठच्या पुढं सरकला असेल तर पप्पांना पुढचं वर्ष मागायला तुझ्याकडं कारण असेल, आणि सरकला नसेल तर सीईटीचे निकाल हातात असतील. स्थळांचा विषय निघाला तर भांडू नकोस, परीक्षेची तारीख सांग आणि त्यानंतर बघू म्हण. आईला आपल्या बाजूला घे. 'सरकारी नोकरीची तयारी' हे शब्द घरात काय काम करतात ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

एक काम मात्र आजच कर. तिन्ही वर्षांच्या मार्कशीट काढून हिंदी हा विषय कुठल्या वर्षाला होता का ते बघ. असेल तर अनुवाद अधिकाऱ्याच्या जागेची वाट तुला खुली होऊ शकते आणि मग एम.ए.बद्दल मी वर जे बोलले ते थोडं बदलावं लागेल. काय निघतं ते मला कळव.